चार आठवड्यांचे पेनिसिलिन आणि चार महिन्यांचा पाऊस : खानापूर तालुक्यातील एक प्रकरण

पुढील प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातली मुलगी, तिच्या कार्डावरच्या तारखा आणि तिला जागोजागी भेटलेली माणसे एका घरातली किंवा एका दवाखान्यातली नाहीत. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात रुमॅटिक तापानंतर दर महिन्याला घ्यायच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाला जे जे आडवे येऊ शकते ते येथे एका वर्षात एकत्र मांडले आहे. औषधाविषयीची माहिती आणि आकडे मात्र खरे आहेत. तपासायचा प्रश्न असा की, प्रतिजैविकाचे इंजेक्शन चार आठवड्यांऐवजी तीन, चार किंवा सहा महिने पुरले असते, तर या मुलीच्या बाबतीत काय टळले असते आणि काय तरीही घडले असते.

रुग्ण

मुलगी तेरा वर्षांची, वजन ३२ किलो. वडील गोव्यात बांधकामावर आहेत आणि घरी आई, आजी व धाकटा भाऊ असतात. पोट पावसावरच्या भातावर आणि वडिलांच्या मजुरीवर चालते. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात तिचा आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट असे सांधे एकामागून एक सुजले, अंगात ताप राहिला आणि शाळेची चढण चढताना धाप लागू लागली. तेल चोळून आणि दुकानातली गोळी देऊन दोन आठवडे गेले. बेळगावात नेल्यावर इको तपासणीत हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप थोडी गळत असल्याचे दिसले आणि निदान झाले रुमॅटिक तापाचे.

हा आजार घशातून सुरू होतो. 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखतो, तो आपोआप बराही होतो, पण त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूंऐवजी स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पूर्ववत होतात, झडपा होत नाहीत. ज्याला एकदा हा ताप आला त्याला पुढच्या प्रत्येक घसादुखीत तो पुन्हा येण्याचा धोका असतो आणि प्रत्येक झटक्यागणिक झडप आणखी बिघडते. २०१५ सालच्या जागतिक अंदाजानुसार रुमॅटिक हृदयविकाराचे रुग्ण सुमारे ३ कोटी ३४ लाख होते आणि त्या एका वर्षात सुमारे ३ लाख १९ हजार माणसे या विकाराने दगावली. दाटीची घरे आणि दूरचे दवाखाने जिथे आहेत तिथेच तो उरला आहे. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला, आणि त्याच्या औषधावर पैसा कोण लावणार हा प्रश्न तिथूनच निर्माण होतो.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. बेंझाथिन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटांचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी स्नायूत खोल द्यायचे, म्हणजे रक्तात पेनिसिलिन थोडे का होईना पण सतत राहते आणि घशात जंतू रुजत नाही. झडपेला इजा झालेल्या रुग्णाने ते शेवटच्या झटक्यानंतर १० वर्षे किंवा वयाच्या २५ पर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तितके, आणि इजा गंभीर असल्यास आयुष्यभर घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे राहिले आहे. या मुलीला २८ दिवसांचा नेम लावून दिला गेला आणि पुढची इंजेक्शने गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात घ्यावीत अशी चिठ्ठी दिली गेली. तारखांचे कार्ड कन्नडमध्ये होते. आईला वाचता येते ते मराठी, त्यामुळे पुढची तारीख कोणती हे ती दरवेळी मुलीकडून वाचून घेत असे.

कार्डावरची तारीख आणि प्रत्यक्षातली तारीख

पहिले इंजेक्शन १० जानेवारीला झाले. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षभरात तेरा मात्रा यायला हव्या होत्या. ७ फेब्रुवारी, ७ मार्च, ४ एप्रिल, २ मे आणि ३० मे या सगळ्या वेळेवर झाल्या. सातवी मात्रा २७ जूनला होती.

त्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता, वस्तीची बस वरच्या फाट्यावरूनच परत फिरत होती आणि आई रोपलावणीत अडकली होती. पुढच्या आठवड्यात, ४ जुलैला, दोघी चालत दवाखान्यात पोचल्या, तर डॉक्टर दुसऱ्या केंद्राच्या कामावर गेलेले. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर नसताना मी पेनिसिलिन टोचणार नाही, मावशी. काही झालं तर मला कोण सोडवणार?" आईचे उत्तर होते, "मग आम्ही काय करायचं ओ सिस्टर, परत येऊ म्हणता तर नदी बघा की." त्याच्या पुढच्या आठवड्यात, ११ जुलैला, डॉक्टर होते, पण कुपी संपली होती. शेवटी १ ऑगस्टला खानापूरला जाऊन इंजेक्शन झाले, म्हणजे ३५ दिवस उशिरा.

आठवी मात्रा २९ ऑगस्टची होती. त्या सुमारास मायलेकी गौरी-गणपतीला चंदगड तालुक्यात, आईच्या माहेरी होत्या. चंदगड राज्याच्या सीमेपलीकडे असला तरी या भागातल्या नात्यांना ती सीमा नाही. औषधाच्या चिठ्ठीला मात्र आहे. फाइल घरी राहिल्यामुळे तिथल्या दवाखान्याने कागद नसताना पेनिसिलिन द्यायचे नाकारले, आणि त्यांचे तसे चुकले असे म्हणता येत नाही. माहेराहून परतल्यावर जवळच्या एका खासगी डॉक्टरांनी, मध्ये इतका खंड पडल्यावर पेनिसिलिन पुन्हा सुरू करणे धोक्याचे आहे असे सांगून ताकदीच्या गोळ्या दिल्या. सप्टेंबरच्या मध्यात घसा दुखला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सांधे पुन्हा सुजले. बेळगावात इको केल्यावर झडपेची गळती सौम्यवरून मध्यम झालेली दिसली. १७ ऑक्टोबरला इंजेक्शन झाले आणि त्यानंतर १४ नोव्हेंबर व १२ डिसेंबरच्या मात्रा वेळेवर झाल्या.

वर्षाअखेर हिशेब असा निघतो की तेरापैकी दहा मात्रा मिळाल्या, म्हणजे ७७ टक्के. या उपचारात ८० टक्के मात्रा पूर्ण झाल्या म्हणजे ठीक, असा एक ढोबळ मापदंड बरीच वर्षे वापरात आहे. त्या मापाने ही मुलगी उंबरठ्यावर अडखळली इतकेच दिसते, आणि आणखी एक मात्रा झाली असती तर ती ८५ टक्क्यांनी उत्तीर्ण ठरली असती. पण टक्केवारी बाजूला ठेवून संरक्षणाविना गेलेले दिवस मोजले, तर २७ जून ते १ ऑगस्ट हे ३५ आणि २९ ऑगस्ट ते १७ ऑक्टोबर हे ४९, असे ८४ दिवस भरतात, आणि ते सगळे २७ जून ते १७ ऑक्टोबर या ११२ दिवसांत आहेत. उरलेल्या वर्षात एकही नाही. म्हणजे ही मुलगी उपचार सोडणारी नव्हे. आठ महिने ती आदर्श रुग्ण आहे आणि चार महिने ती जवळजवळ उपचाराविना आहे. 'रुग्णाचे सातत्य कमी' असा शेरा फाइलवर मारला की ही माहिती पुसली जाते, आणि नव्या औषधाने किती काळ टिकावे हे ठरवताना नेमकी तीच माहिती लागते.

इंजेक्शन टिकते ते कशामुळे

साधे पेनिसिलिन शरीरात टिकत नाही. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातले औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे अर्धा तास असतो, आणि मूत्रपिंडे ते इतक्या झपाट्याने बाहेर टाकतात की चाळिशीच्या दशकात रुग्णांच्या लघवीतून ते परत मिळवून वापरले जात असे. तेव्हापासूनच ते टिकवण्याची खटपट सुरू झाली. आधी ते तेल आणि मधमाश्यांच्या मेणात कालवून टोचले गेले, मग प्रोकेनचा क्षार आला, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बेंझाथिनचा क्षार तयार झाला. पेनिसिलिनचे दोन रेणू आणि बेंझाथिनचा एक रेणू यांचा हा क्षार पाण्यात फारच कमी विरघळतो. स्नायूत टोचल्यावर त्याच्या स्फटिकांचा साठा तिथेच बसून राहतो आणि खडीसाखर जिभेखाली उरावी तसा थोडाथोडा झिजतो. जेवढे सुटते तेवढे मूत्रपिंडे लगेच काढून टाकतातच, पण साठ्यातून नवे येत राहते. औषध किती काळ पुरेल हे त्यामुळे शरीर ते किती वेगाने बाहेर टाकते यावर न ठरता साठा किती वेगाने विरघळतो यावर ठरते.

हे साधते त्याचे एक कारण जंतूच्या बाजूला आहे. ऐंशी वर्षे पेनिसिलिन वापरूनही 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस त्याला दाद देईनासा झालेला नाही, आणि त्याला रोखायला लागणारे प्रमाणही अत्यल्प आहे. रक्तात एका मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम हे किमान लक्ष्य सामान्यतः धरले जाते. १२ लाख युनिटे म्हणजे सुमारे ९०० मिलिग्रॅम पेनिसिलिन, ते २८ दिवसांत वाटले तर दिवसाला जेमतेम ३२ मिलिग्रॅम पडते. इतर बहुतेक प्रतिजैविकांना दिवसाला शेकडो मिलिग्रॅम किंवा काही ग्रॅम लागतात, आणि महिनाभराचा तेवढा साठा टोचायला माणसाच्या अंगात स्नायूच पुरणार नाही. मनोविकारावरची किंवा संततिनियमनाची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने भराभर पुढे गेली आणि प्रतिजैविके मागे राहिली, त्याचे एक मोठे कारण या वजनाच्या हिशेबात आहे. डाल्बाव्हान्सिनसारख्या काही नव्या औषधांनी दुसरी वाट धरली. त्यात साठा नाही, रेणूच असा आहे की शरीर त्याला हळू बाहेर टाकते, आणि त्याचा अंतिम अर्धायुकाल सुमारे दोन आठवडे आहे. पण ते शिरेतून द्यावे लागते, महाग आहे आणि गंभीर संसर्गासाठी राखलेले आहे. तेरा वर्षांच्या मुलीला बारा वर्षे देण्याचे ते औषध नव्हे.

बेंझाथिनचे कमी पडणेही याच साठ्यात आहे. पहिल्या काही दिवसांत रक्तातले प्रमाण गरजेपेक्षा बरेच वर जाते आणि मग उतरत राहते. अलीकडच्या मोजमापांत बऱ्याच रुग्णांमध्ये चार आठवडे पुरे होण्याआधीच ते २० नॅनोग्रॅमच्या खाली गेलेले आढळले आहे. शरीरातील चरबी, सुई नेमकी कुठवर पोचली आणि रुग्णाची चण यांप्रमाणे हा उतार बदलतो. याचा अर्थ वर मोजलेले ८४ दिवस हा या मुलीच्या बाबतीतला कमीत कमी आकडा आहे. तरीही हा उपाय काम करतो यात संशय नाही. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या चाचणीत, ज्यांचा विकार केवळ इकोत दिसत होता अशा मुलांना दोन वर्षे दर चार आठवड्यांनी बेंझाथिन दिल्यावर विकार वाढण्याचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. इंजेक्शन न दिलेल्यांत ते ८.२ टक्के होते.

तीन महिने, चार महिने, सहा महिने

आता नव्या प्रकारांकडे येऊ. सर्वांत जवळ आलेली कल्पना नवीन रेणूची नाहीच. हेच बेंझाथिन स्नायूऐवजी पोटाच्या त्वचेखालच्या चरबीत, छोट्या पंपाने हळूहळू, एका वेळी कितीतरी पट अधिक द्यायचे, म्हणजे चरबीतून ते आणखी सावकाश सुटेल. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी प्रौढ स्वयंसेवकांवर नेहमीच्या मात्रेच्या तिप्पट ते नऊपट मात्रा अशा देऊन पाहिल्या आणि त्या सुरक्षित व सोसण्याजोग्या असल्याचे दाखवले. टोचल्या जागी दुखते आणि काही काळ गाठ हाताला लागते. न्यूझीलंडमध्ये प्रत्यक्ष रुग्णांनाही ही पद्धत देऊन पाहिली गेली आहे. दर तीन महिन्यांनी एकदा, असे तिथले उद्दिष्ट आहे.

या मुलीच्या कार्डावर ते लावून पाहू. १० जानेवारीला सुरुवात केली तर पुढच्या तारखा १० एप्रिल, १० जुलै आणि १० ऑक्टोबर अशा येतात. १० जुलैला या पट्ट्यातून बाहेर पडणे जूनअखेरीपेक्षा सोपे नसते, आणि तो दिवस हुकला तर कोरा जाणारा काळ आता आठवड्यांचा न राहता महिन्यांचा होतो. शेजारीच, भीमगड अभयारण्यातल्या गवाळी-पास्तोलीसारख्या गावांत तर पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून आणावे लागते. तीन महिन्यांचा प्रकार इथे उपयोगी पडायचा असेल तर मोजणी मागच्या तारखेपासून न करता पावसापासून करावी लागेल. एक मात्रा मेअखेर, पेरणीच्या गडबडीआधी, आणि दुसरी ऑगस्टच्या शेवटी, माहेरी जाण्याआधी. पेनिसिलिनची सुरक्षिततेची मर्यादा रुंद असल्यामुळे मात्रा दोन-तीन आठवडे लवकर दिली तर औषध थोडे वाया जाते, याखेरीज फारसे बिघडत नाही. तरीही ऑगस्टची एक फेरी उरतेच. चार महिन्यांचा प्रकार असता तर जूनच्या पहिल्या आठवड्यातले इंजेक्शन ऑक्टोबर लागेपर्यंत पुरले असते आणि २७ जून, ४ जुलै, २९ ऑगस्ट या तारखा तिच्या आयुष्यात आल्याच नसत्या. प्रयोगशाळेत तीन आणि चार महिन्यांत जो फरक तपशिलाचा वाटेल तो खानापूरच्या घाटमाथ्यावर एक पूर्ण फेरी आणि एक मोठी जोखीम इतका आहे.

मग सहा महिन्यांचाच प्रकार का करू नये? त्याचे उत्तर परत वजनात आहे. आताच्याच वेगाने सहा महिने पुरवायचे तर साडेसहा मात्रा एकदम द्याव्या लागतील, म्हणजे पावणेसहा ग्रॅमांहून अधिक पेनिसिलिन. एका मात्रेचा तयार द्रव सुमारे २ मिलिलिटर धरला तरी ते १३ मिलिलिटर होते. आपल्या सरकारी दवाखान्यांतून 'अंतरा' नावाने जे तीन महिन्यांचे संततिनियमनाचे इंजेक्शन मिळते त्यात औषध १५० मिलिग्रॅम असते आणि ते एका मिलिलिटरात मावते. पेनिसिलिन तीन महिन्यांना त्याच्या जवळपास वीसपट लागते. हा बोजा कमी करायचा तर सुरुवातीचा उसळता भाग कापून दररोज सारखेच औषध सोडणारा साठा हवा, आणि त्यासाठी शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) सूक्ष्मकण, टोचल्यावर जागीच घट्ट होणारे जेल किंवा त्वचेखाली बसवायची कांडी असे मार्ग शोधले जात आहेत. त्यांतली अडचण अशी की, या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे बहुवारिक विघटित होताना आम्ल तयार करते, आणि पेनिसिलिनच्या रेणूतले बीटा-लॅक्टम वलय आम्लात व पाण्यात मोडते. कोरडा स्फटिक महिनोन्महिने सुखरूप राहतो, ओला झालेला नाही. बेंझाथिनचा जुना स्फटिक या बाबतीत किती शहाणपणाने बनवला गेला होता हे नव्या प्रयत्नांची दमछाक पाहिल्यावर कळते.

साठा संपत आल्यावर उरणारी लांब शेपूट हीसुद्धा गंभीर बाब आहे. रक्तातले औषध लक्ष्याखाली गेले तरी पुढे आठवडेच्या आठवडे थोडेथोडे राहते, आणि अंगातले इतर जंतू त्या अपुऱ्या मात्रेशी झुंजत पक्के होऊ शकतात. स्ट्रेप्टोकोकस आजवर प्रामाणिक राहिला म्हणून बाकीचे राहतील असे नाही. क्षयरोगावरच्या औषधांची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने प्राण्यांवर तपासली जात आहेत. तिथे ही शेपूट पेनिसिलिनपेक्षा कितीतरी अधिक धोक्याची ठरेल.

कालावधीने न सुटणारी गोष्ट

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची तारीख माझ्या मते २७ जून नव्हे. त्या दिवशी पाऊस होता, आणि पावसावर कालावधी वाढवणे हे उत्तर आहे. महत्त्वाची तारीख ४ जुलै आहे. त्या दिवशी रुग्ण आली होती, कुपीही कपाटात होती, आणि तरी इंजेक्शन झाले नाही, कारण टोचणाऱ्या हाताला भीती वाटली. खासगी डॉक्टरांनी सप्टेंबरात पेनिसिलिन नाकारले तेही भीतीपोटीच.

ही भीती निराधार नाही, पण तिचे माप चुकीचे आहे. अकरा देशांतील १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र ॲलर्जीचे, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसचे, चार प्रसंग आणि एक मृत्यू नोंदला गेला. दहा हजार इंजेक्शनांमागे साधारण एक प्रसंग. शिवाय अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये असे मत मांडले की इंजेक्शनानंतर लगेच झालेले अनेक मृत्यू ॲलर्जीचे नसून आधीच गंभीर असलेल्या हृदयाला वेदना आणि घाबरण्याचा ताण न सोसल्यामुळे झाले असावेत, आणि अशा गंभीर रुग्णांना तोंडाने घ्यायचे औषध द्यावे. तीव्र ॲलर्जी आवरणाऱ्या ॲड्रेनालिनची कुपी जवळ ठेवणे, रुग्णाला आडवे झोपवून टोचणे, पोटात काही असल्याची खात्री करणे, लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध वापरून दुखणे कमी करणे आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवणे या साध्या गोष्टी भीतीवरचे उपाय आहेत. प्रत्येक महिन्याला बेंझाथिनच्याच थेंबाची चाचणी टोचणी घेण्याची जी चाल आहे ती वेळ खाते, मुलीला दोनदा टोचते आणि भरवशाचे काही सांगत नाही.

दीर्घकाळ टिकणारा प्रकार या भीतीचे काय करील? एका बाजूने संधी कमी होतात, वर्षाला तेराऐवजी तीन-चार. दुसऱ्या बाजूने टोचलेले तीन ग्रॅम परत काढता येत नाहीत, हा विचार सिस्टरांच्या हाताला आणखी जड करील, आणि जे काम महिन्याला एकदा करायचे ते तिमाहीला एकदा करताना सवयही मोडेल. काढून टाकता येणारी कांडी या एका मुद्द्यावर इंजेक्शनापेक्षा सरस आहे. व्यवहारात मला वाटते की जिने साध्या बेंझाथिनच्या आठ-दहा मात्रा त्रासाविना घेतल्या आहेत अशाच रुग्णाला मोठा साठा द्यावा, आणि तो तालुक्याच्या रुग्णालयात द्यावा. पंप लावायचा, वीस मिनिटे सावकाश सोडायचे, तासभर लक्ष ठेवायचे हे गावच्या केंद्रावर न होणारे काम आहे. वर्षाला तेरा वेळा चालत केंद्रावर जाण्यापेक्षा चार वेळा बसने खानापूरला जाणे या आईला परवडेल. पण सगळे इलाज शहराकडे नेण्याला एक किंमत आहे. दर महिन्याला 'धाप लागते का गं' असे विचारणारी व्यक्ती त्यामुळे गमावते. मायट्रल झडप बिघडलेल्या मुलीचे पुढे लग्न आणि बाळंतपण व्हायचे असते, आणि तेव्हा ती झडप अचानक बोलू लागते. औषध तीन महिने पुरले तरी आशाताईंची महिन्याची फेरी ठेवावीच लागेल.

११ जुलैची रिकामी बाटली कोणत्याही नव्या प्रकाराने भरणार नाही. बेंझाथिन पेनिसिलिनचा मूळ माल जगात मोजक्याच, मुख्यतः चिनी, कारखान्यांतून येतो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती देशात पेनिसिलिन बनावे म्हणूनच. पुढे स्वस्त आयातीपुढे देशातले पेनिसिलिन उत्पादन थांबले आणि केंद्राच्या प्रोत्साहन योजनेखाली काकिनाड्याजवळ ते पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडले. उपदंशावरही हेच औषध दिले जाते, आणि तो वाढल्यामुळे २०२३ मध्ये अमेरिकेतसुद्धा बेंझाथिनचा तुटवडा पडला आणि बाहेरून औषध आणण्याची वेळ आली. एका मात्रेत नऊपट औषध ओतणारा प्रकार दर तीन महिन्यांनी द्यायचा तर वर्षाला जवळजवळ तिप्पट मालाची तजवीज आधी दाखवावी लागेल. तीन महिन्यांचा साठा संपल्यावर दवाखान्यात कुपी नसेल, तर मुलगी जिथे होती तिथेच येते.

सध्याची व्यवस्था

नवा प्रकार बाजारात येईपर्यंत या मुलीला जुनाच घ्यायचा आहे. दुसऱ्या झटक्यामुळे डिसेंबरच्या फेरतपासणीत तिचा नेम २८ दिवसांवरून २१ दिवसांवर आणला गेला. वैद्यकीय दृष्टीने ते बरोबर आहे, आणि त्याचा अर्थ असाही की जिला पावसाळ्यात चार मात्रा गाठता आल्या नाहीत तिने आता पाच-सहा गाठायच्या आहेत. वयाच्या २५ पर्यंत धरले तर दोनशेहून अधिक इंजेक्शने होतात. चार महिन्यांच्या प्रकाराने ती ३६ झाली असती.

पुढच्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिला खानापुरात मावशीकडे ठेवून तिथल्याच शाळेत घालायचे ठरले आहे. फाइलमध्ये निदान, औषध, मात्रा आणि आधी झालेल्या दहा इंजेक्शनांची नोंद असलेले एकपानी पत्र कन्नड आणि मराठीत दिले आहे, म्हणजे चंदगडला गेले तरी ते चालावे. एखादी तारीख हुकलीच तर इंजेक्शन होईपर्यंत घ्यायला पेनिसिलिन व्ही च्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून दोन, घरी ठेवायला सांगितल्या आहेत. गोळ्यांचा उपयोग इंजेक्शनापेक्षा कमी आहे आणि तालुक्याच्या सगळ्या दुकानांत त्या मिळत नाहीत, म्हणून बेळगावातून आणून ठेवल्या आहेत. गावाजवळच्या दवाखान्यात ॲड्रेनालिन कुठे ठेवले आहे आणि डॉक्टर नसताना काय करायचे हे लेखी लावून घेतले आहे. आई तेव्हा रोपलावणीत असेल, म्हणून इंजेक्शनाला मावशीने न्यायचे आहे, आणि कार्डावर दुसरा फोन नंबर मावशीचा घातला आहे.